क्षितिजाची रेघ

१२ जानेवारी, रविवार

लेकीचा फोनवरून हुकूम आलाय. आई, या प्रदर्शनाचं सगळं रोजच्या रोज लिहून ठेव. नाहीतर नंतर बाबा म्हणेल असं ठरलंच नव्हतं, तू म्हणशील ठरलं होतं, आणि इतक्या लांबून मला न्यायाधीश व्हावं लागेल. पोरीनं आईबाप बरोबर ओळखलेत.

तर लिहिते. तीस वर्षं स्वारीनं कॅलेंडरांसाठी डोंगर आणि तळी टिपली. लोकांनी ती स्वयंपाकघरात लावली, त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडले आणि वर्ष संपल्यावर त्यांची पुस्तकांना कव्हरं घातली. कॅलेंडर कंपनी बंद पडली तेव्हा स्वारी एवढंच म्हणाली, "बरं झालं." मीच दोन दिवस रडले. आणि आता शहरातल्या चांगल्या कलादालनात त्याच्या एकट्याचं प्रदर्शन! विषय डोंगर, पाणी आणि आकाश, उद्घाटन पाच एप्रिलला. दालन चालवणाऱ्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात दालनबाई म्हणते. आमच्या पुढच्या खोलीत पलंगाएवढं छपाईचं यंत्र बघून त्या चकित झाल्या. मी म्हटलं, तो टिपतो, मी छापते, संसार असाच चाललाय.

त्या गेल्यावर मी त्याला विचारलं, काय वाटतं? म्हणाला, "बघ, तुला झेपणार असेल तर." जरा खट्टूच झाले. पण याला आनंद दाखवता आला असता तर तो हा राहिला नसता.

१९ जानेवारी, रविवार

पहिलं मोठं चित्र छापलं. पहाटेचं तळं, पाण्यावर हातभर उंचीचं धुकं, पलीकडच्या काठावर तीन-चार घरांचे दिवे आणि त्या दिव्यांच्या वर आकाशगंगा, कुणी पीठ चाळताना सांडावं तशी. पाण्यात दिवे आणि तारे शेजारीशेजारी पडलेत. कुठला दिवा आणि कुठला तारा ते पटकन कळत नाही. खालचं सगळं अर्धं चित्र जमीन आणि पाणी, वरचं अर्धं आकाश.

त्याला दाखवायला मी नेहमीप्रमाणे नमुन्याच्या तीन पट्ट्या छापून काढल्या: एक जरा निळी, एक जरा गडद आणि एक मला आवडलेली. आणि कंबर कसून बसले. कारण पूर्वी एका ढगावरून आम्ही आठवडाभर अबोला धरलेला आहे. हा आला, दारातच थांबला, म्हणाला, "छान आहे. तुला बरी वाटेल ती घे."

इतक्या वर्षांनी या माणसानं माझ्या डोळ्यांवर विश्वास टाकला. कुणाला सांगू असं झालं. कुणी सापडलं नाही, म्हणून इथं लिहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

अमावस्येच्या आसपास तो खिंडीत जातो. तिथं एक जुनं विश्रामगृह आहे, वर गेलं की शहराचा उजेड अजिबात पोचत नाही. या खेपेला चार दिवस राहून काल परतला. दाढी वाढलेली, डोळे खोल. आल्या आल्या झोपला आणि आज दुपारी उठला, तरी झोप झाल्यासारखा दिसत नाही. जेवला थोडंच. काम अंगात भिनलं की याचं असंच होतं.

पण चित्र काय आणलंय! मृग नक्षत्र, त्यातले बाणाचे तीन तारे आणि त्याखाली तो गुलाबी तेजोमेघ, ओल्या कागदावर रंगाचा थेंब पसरावा तसा. नुसत्या डोळ्यांना तो धुरकट ठिपका दिसतो. कॅमेऱ्यानं बराच वेळ उजेड प्यायला की मग आतला रंग वर येतो. तो म्हणतो, तिथं नवे तारे जन्मतात. खाली डोंगराची फक्त एक पाठ.

मी विचारलं, "चौकीदाराची झोपडी कुठं गेली? तिचा दिवा नेहमी कोपऱ्यात असतो."

"नको वाटला."

दालनबाईंना चित्र पाठवलं, त्यांचा लगेच फोन आला. म्हणाल्या, यांच्या चित्रातून आता माणूस गळून पडतोय, फार वरच्या पायरीचं काम आहे. मी त्याला हे सांगितलं. तो हसला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज चमत्कार झाला. तीस वर्षांचा पसारा स्वारीनं आवरला. कुठल्या साली काय टिपलं, ते कुठल्या डब्यात आहे, संगणकाचे पासवर्ड काय, यंत्र अडलं तर कोणाला बोलवायचं, पाण्याचा पंप कसा उघडायचा, हे सगळं त्यानं मला शेजारी बसवून समजावलं. दोनदा. मी म्हटलं, "काय रे, संन्यास घेतोस की काय?" म्हणाला, "तुला शोधत बसायला लागू नये."

खूश व्हावं तर तेवढ्यात दुसरं कळलं. कॅमेऱ्याचं मोठं भिंग, मी त्याला त्याच्या चाळिशीला दिलेलं, त्यानं ओळखीतल्या एका उंच छायाचित्रकाराला देऊन टाकलं. त्या माणसाशी याचं कधी पटलं नाही. मी फार बोलले. माझी भेट होती, मला विचारायचं तरी. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पडून राहण्यापेक्षा कुणीतरी वापरेल." भांडलाही नाही. समोरच्यानं भांडायचंच नाही म्हटलं की आपला राग आपल्यालाच मूर्ख दिसतो. तो राग अजून गेलेला नाही, हे खरं ते लिहिते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काळी शाई पुन्हा संपली. निळी, पिवळी, हिरवी तशीच पडून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं आल्या होत्या. त्याची थोरली बहीण. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं त्यांनी, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर आहे की नाही हे त्यांना न बघता कळतं असं त्या म्हणतात. जेवणं झाली. तो लवकर उठून गेला. मी ताटं उचलत होते तर म्हणाल्या, "हा बारीक झालाय."

मी म्हटलं, काम खूप आहे.

"आणि मी त्याची गाडी भंगार म्हटलं, तरी भांडला नाही."

"वन्सं, तुम्हाला काय, भांडण हवं होतं का?"

"आमच्या घरात भांडणं म्हणजे प्रकृती ठीक असल्याची खूण असते."

मला वाटलं, भावाचं नाव होतंय ते यांना बघवत नाही. मग स्वतःचीच लाज वाटली. पण वाटलं होतं.

५ मार्च, बुधवार

खिंडीतून आणलेली नवी चित्रं छापतेय. एकात जमीन अगदी तळाशी, काळ्या धाग्याएवढी. आणि एकात तीही नाही.

हे दुसरं कसं सांगू. दुर्बिणीला कॅमेरा जोडून सिंह राशीच्या बाजूला लावला होता म्हणे. तिथं तारे थोडे. काळं, नुसतं काळं, आणि मधोमध तिरकी, अंधुक, नखाएवढी एक दीर्घिका, कुणी काचेवर श्वास सोडावा तशी. तिच्यात अब्जावधी सूर्य असतील. मी कागद यंत्रातून बाहेर येताना बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले. कुठलंही चित्र छापताना असं झालेलं नाही. मी कारागीर आहे, माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते शाईच्या वासानं.

वळून बघते तर तो दारात.

"आवडलं?"

"हे तुझं सगळ्यांत चांगलं."

"मग झालं," म्हणाला. आणि इतका शांत दिसला की मला वाटलं, चला, एकदाचं याला समाधान मिळालं.

१६ मार्च, रविवार

लेकीचा फोन, घाबरी झालेली. बाबा आज आपण होऊन तिच्याशी अर्धा तास बोलला. म्हणाला, तू फार गुणी पोर होतीस, तुझा कधी त्रास झाला नाही. "आई, होतीस म्हणजे काय?" मी तिला झापलं. बापानं कौतुक केलं नाही तर तक्रार, केलं तर तक्रार. ती म्हणाली, "तू जरा बघ ना." मी म्हटलं, रोज बघतेच आहे, दुसरं काय करते.

२७ मार्च, गुरुवार

स्वारी खिंडीत गेली. म्हणाला, शेवटच्या भिंतीसाठी अजून एक चित्र हवंय. दालनबाईंनी मागितलं नव्हतं. मी चौकटींच्या गडबडीत होते. तो दारापर्यंत जाऊन परत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला. लहान मुलाच्या ठेवतात तसा. माझे हात गोंदानं भरलेले, वर बघितलंसुद्धा नाही.

३० मार्च, रविवार

दोन दिवस लिहायला जमलं नाही. आता सगळं आठवतंय तोवर लिहिते.

शुक्रवारी सकाळी दालनात चित्रं मांडायला गेले. एका भिंतीवर पाणी, एकीवर डोंगर, एकीवर आकाश असं ठरलं होतं. पण चौकटी लावणाऱ्यांनी मोजायला सोपं जावं म्हणून पाठीवर लिहिलेल्या तारखा बघून सगळी चित्रं ओळीनं भिंतीशी टेकवून ठेवली होती. पोरं चहाला गेली होती. दालन रिकामं, वरच्या काचेतून सकाळचं ऊन येत होतं. मी सहज पहिल्या चित्रापासून चालायला लागले.

दोन वर्षांपूर्वीचं पहिलं. गवताचा माळ, रस्ता, रस्त्यावर सायकलवाला, वर ढग. जमीन चित्रात बरीच वरपर्यंत, माणूस उभा केला तर छातीपर्यंत येईल अशी. मग ते तळं. जमीन कमरेशी. मग डोंगर, झाडं नाहीत, गुडघ्याशी. मग मृग, डोंगराची पाठ, घोट्याशी. मग धाग्याएवढी. मग नाही.

मी परत मागे गेले आणि पुन्हा चालत आले. वाटलं, नजरेचा खेळ असेल. नव्हता. आधी माणूस गेला होता, मग रस्ता, मग घर, मग दिवा, मग झाड, मग माती. कुणी जिना उतरत जावं तशी ती क्षितिजाची रेघ महिन्यामहिन्यानं खाली गेली होती. आणि मी प्रत्येक चित्रावर चारचार दिवस बसले होते. त्यातल्या काळ्याच्या छटा मला झोपेत सांगता येतील. फक्त ती एकीशेजारी एक ठेवून कधी पाहिली नव्हती.

मग ते देऊन टाकलेलं भिंग. पंप कसा उघडायचा ते. "होतीस." "मग झालं." सगळं एकदम अंगावर आलं. मी खाली बसले.

त्याचा फोन बंद होता. विश्रामगृहाचा नंबर सापडायला वेळ लागला. तिथं राहून ते सांभाळणारी बाई म्हणाली, साहेब कालपासून खोलीतच आहेत, कॅमेरा गाडीतून काढलेलाच नाही, जेवायला हाक मारली तर नको म्हणाले. मी तिला सांगितलं, बाई, तुमच्या पाया पडते, मी येईपर्यंत त्याच्या दाराशी बसा, काहीतरी निवडत बसा, पण तिथंच बसा. तिनं का ते विचारलं नाही. बरं, म्हणाली.

मग वन्संना फोन केला. मला घाटात गाडी चालवता येत नाही. मी नीट वाक्यही बोलू शकले नाही. त्या म्हणाल्या, "दालनाच्या दाराशी उभी राहा." आणि आल्या. वाटेत एकदाही 'मी तुला म्हटलं होतं' असं म्हणाल्या नाहीत. घाट लागल्यावर फक्त म्हणाल्या, मी वळणावर बोलत नाही, तू बोल. मी मनात वाक्यं जुळवत होते. हळूच विचारायचं, त्याला दुखावायचं नाही, लांबून सुरुवात करायची.

पोचलो तेव्हा अजून ऊन होतं. ती बाई खरंच दाराशी बसली होती. वन्सं व्हरांड्यात थांबल्या. "मी इथं आहे. तू जा."

तो पलंगाच्या कडेवर बसला होता. पायांत बूट, अंगात कोट, हात मांडीवर. कुठल्यातरी कचेरीत नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. खिडकीतून अख्खी दरी दिसत होती, उन्हानं पिवळी झालेली, आणि त्याची पाठ तिच्याकडे होती.

"तू कशाला आलीस?"

जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

तो बराच वेळ बुटांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता चिडेल, म्हणेल काहीतरीच काय बोलतेस. देवा, चिडू दे, असं मी म्हणत होते.

"हो," म्हणाला.

"कधीपासून?"

"बरेच दिवस. सांगणार होतो तुला. पण तुला ते फोटो इतके आवडत होते." मग म्हणाला, "तुझा चेहरा बघून वाटायचं, निदान एवढं तरी आपल्या हातून बरं होतंय. ते कशाला मोडा."

मी काय बोलले ते आठवत नाही. त्याचे बूट धरून बसले होते एवढं आठवतं.

मग वन्सं आत आल्या. त्यांचे डोळे लाल होते पण आवाज रोजचा. "धाकट्या, ऊठ. गाडीत बस. मागे बसायचं, पुढची सीट हिची आहे." त्यांनी त्याच्या गाडीची किल्ली उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. तो उठला. इतक्या सहज उठला की मला वाटलं, हा कोणीतरी ऊठ म्हणेल याचीच वाट बघत होता का? आणि मग वाटलं, मी दोन महिन्यांत कधी म्हटलं असतं तर?

लेक रात्रभर प्रवास करून काल सकाळी आली. ती माझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो होतो. आजही. चाळिशीच्या बाई आहेत, हळू बोलतात. आधी त्याच्या एकट्याशी बोलल्या, मग मला आत घेतलं. हा आजार आहे, म्हणाल्या, आणि बरा होणारा आहे. औषधाला काही आठवडे लागतील, तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही, घर त्यांनी सांगितलं तसं आवरायचं, धोक्याचं काही हाताशी ठेवायचं नाही, आणि रोज त्याला विचारायचं, आज तो विचार आला का. स्पष्ट शब्दांत.

मी म्हटलं, कारण काय पण? कॅलेंडर कंपनी? मी काही? त्या म्हणाल्या, कधी कारण असतं, कधी नसतं, आणि असलं तरी एकच नसतं.

मग मी विचारलं ते विचारायचं नव्हतं. "तेरा-तेरा तास मी त्या चित्रांसमोर असायचे. मला कसं दिसलं नाही?"

त्या म्हणाल्या, "शेवटी तुम्ही विचारलंत ना त्यांना. पुष्कळ लोक तेवढंच विचारत नाहीत. शब्द काढला तर डोक्यात भरेल अशी भीती वाटते. तसं होत नसतं."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. थोडं वाटलं.

दालनबाईंना फक्त आजारी आहे असं कळवलं. त्यांनी एका शब्दानं तक्रार न करता प्रदर्शन पुढं ढकललं आणि चित्रं गुंडाळून घरी पाठवून दिली. मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

९ एप्रिल, बुधवार

रोज सकाळी विचारते. चहा हातात दिला की. "आज आला का?" कधी हो म्हणतो, कधी नाही. आज म्हणाला, "आला, पण बसला नाही." मग दोघं चहा पीत राहिलो.

ज्या घरात मीठ कमी आहे हे सांगायलाही आम्ही आडून बोलायचो, तिथं हे चाललंय.

२१ एप्रिल, सोमवार

आज जुंपली. त्याला गाडीची किल्ली हवी होती. मी म्हटलं, वन्संकडे आहे. म्हणाला, मी काय कैदी आहे का? आवाज चढला. मीही चढवला. मी म्हटलं, हो, आहेस, आणि मी जेलर आहे, आणि मला ही नोकरी नको होती. हे बोलायला नको होतं. तो आदळआपट करत आत गेला. लेक दोन खोल्यांच्या मध्ये उभी.

मी यंत्रामागे जाऊन तोंडात पदर कोंबून रडले आणि मधेच लक्षात आलं की हा भांडला. कित्येक महिन्यांनी भांडला. मी वन्संना फोन करून सांगितलं. पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. औषधानं हात थरथरतात. पंजा पुढं करून दाखवला. "कॅमेरा धरता येणार नाही याला." मी म्हटलं, नको धरूस. म्हणाला, "तसं नाही. मला धरावासा वाटला आज. म्हणून कळलं."

७ मे, बुधवार

एक वाईट गोष्ट लिहायची आहे. तो लेकीबरोबर फिरायला गेला असताना मी चित्रं फिरवून बघितली. मला वाटत होतं, आता ती भयंकर दिसतील, विद्रूप दिसतील, आणि मग मी ती फाडीन. तशी ती दिसली नाहीत. ती काळी पोकळी, तो श्वासाएवढा उजेड, अजूनही तितकाच सुंदर. मला त्या चित्राचा राग आला आणि माझा जास्त.

तो परत आल्यावर मी लपवलं नाही. विचारलं, तुला तिथं वर काय दिसायचं? लोक म्हणतात तसं विराट वगैरे?

"काही वाटायचं नाही," म्हणाला. "इतक्या थंडीत थंडीही वाजायची नाही. फक्त एक होतं. तिथं कुणाला माझी गरज नाही, कुणी माझी वाट बघत नाही. ते बरं वाटायचं."

"आणि इथं?"

"इथं वाट बघतात." मग जरा वेळानं, "ते अजून जड जातं. खोटं कशाला बोलू."

मी त्याला म्हटलं, जड जाऊ दे.

२५ मे, रविवार

गेला आठवडा वाईट होता. दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. डॉक्टरांनी औषध बदललं. लेकीची रजा संपत आली होती, तिनं ती वाढवून घेतली. मला वाटलं होतं, उतार लागला की लागला. डॉक्टर म्हणाल्या, घाट आहे, खाली-वर होणारच.

आज जेवताना तो आपण होऊन म्हणाला, प्रदर्शन करू. मी ताडकन नाही म्हटलं. आजवर इतका ठाम नकार मी त्याला कधी दिला नव्हता. ती चित्रं चारचौघांत टांगायची, लोकांनी वाहवा म्हणायचं, आणि मी तिथं उभं राहून थॅंक्यू म्हणायचं? मला नाही जमणार.

तो म्हणाला, "वाहवा म्हणू देत. पण तारखेनं लाव. तू पाहिलीस तशी."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"तर सांगायचं."

रात्रीपर्यंत त्याचं काय लिहायचं ते ठरलं. दारापाशी एकच ओळ: ही चित्रं मी आजारी असताना काढली; तेव्हा ते मला माहीत नव्हतं. खाली डॉक्टरांनी सुचवलेला मदतीचा फोन नंबर. दालनबाईंना मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी तेव्हा फोनवर काय काय बोलले होते." मी म्हटलं, आपण दोघीही बोललो.

१४ जून, शनिवार

उद्घाटन झालं. माणसं पुष्कळ आली. बरेच जण पहिल्या दोन भिंतींशी बोलत होते आणि तिसरीशी गप्प होत होते. काही जण ओळ न वाचता आले आणि सुंदर सुंदर म्हणून गेले, आणि तेही खरंच आहे. तो आत थोडाच वेळ थांबला. गर्दी अजून सोसत नाही. त्याचं मला वाईट वाटलं आणि वन्संनी नातेवाइकांना ज्या शिताफीनं दुसरीकडे वळवलं त्याचं हसूही आलं.

सकाळी विचारलं होतं. "आला का?" म्हणाला, "आला होता. तुझं काय?" माझं कुणी विचारलं नव्हतं.

१७ जून, मंगळवार

दुपारी दालन जवळजवळ रिकामं. तो बाहेर पायरीवर सावलीत बसला होता, मी आत टेबलाशी. एक बाई आली, शहर बसच्या चालकाच्या वर्दीत, टोपी काखेत. पाळी संपवून आली असावी. दाराशी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग पहिल्या चित्रापासून चालायला लागली. फार सावकाश. कुठंही थांबली नाही, पण पाऊल आखूड होत गेलं. शेवटच्या काळ्या चित्रापुढं उभी राहिली ती राहिलीच. मी पाण्याचा ग्लास घेऊन जावं की नाही या विचारात होते.

ती वळली तेव्हा चेहरा कोरडा होता. टेबलाशी येऊन तिनं अगदी खालच्या आवाजात विचारलं, "यांचं पुढं काय झालं?"

मी काचेच्या दाराकडे हात केला. "ते काय, बसलेत बाहेर. पायरीवर."

तिनं तिकडे बघितलं. त्याची पाठ दिसत होती, जरा वाकलेली, शर्ट घामानं चिकटलेला. ती म्हणाली, "खरंच?"

"खरंच. आज बरे आहेत. उद्याचं उद्या."

ती बाहेर गेली. काचेतून मला ऐकू काही येत नव्हतं. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, टोपी या हातातून त्या हातात घेत. त्यानं वर पाहिलं. मग त्यानं शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकला.

ती बसली.